जळक्या रानातला बर्फ

१५ फेब्रुवारी १९८७

खोटं बोलणाऱ्या माणसाला आपलंच बोलणं आठवत नाही, आणि ऐकणारीलाही आठवलं नाही तर त्याचं फावतं. म्हणून आजपासून लिहून ठेवणार. ही डायरी ह्यांच्याच कंपनीची, नव्या वर्षाची भेट. ह्यांनी मला दिली ब्लाउजची मापं लिहायला. मापं मी लिहीनच, पण कोणाची ते माझं मला ठाऊक.

हे म्हणजे सहदेव, माझा नवरा. साकीनाक्याच्या कंपनीत मोजमापाची यंत्रं बनतात. त्यातली काही घेऊन दर हिवाळ्यात ह्यांना कुल्लूच्या वरच्या अंगाला रानात पाठवतात, बर्फ मोजायला. खाली नदीवर वीज तयार होते, तेव्हा डोंगरावर किती पाणी बर्फ होऊन बसलंय ते आधी कळावं लागतं म्हणे. पोकळ नळी बर्फात खुपसायची, वर काढून वजन करायचं, लिहून ठेवायचं. देवगडचा माणूस, लहानपणी बर्फ पाहिला तो जत्रेतल्या गोळ्याचा. आता त्यातला जाणकार झालाय.

दरवर्षी हे डिसेंबरात जातात, फेब्रुवारीत येतात. मग आम्ही गावी शिमगा करतो आणि पाडवा उरकला की बर्फ वितळताना मोजायला हे परत जातात. यंदा शिमग्याला देवापुढं गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं, मुलासाठी. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता डॉक्टर करून झाले, देवच राहिलाय.

परवा हे आले आणि पहिल्याच जेवणाला म्हणाले, "मार्च लागला की निघूक होया. शिमग्याक जमणार नाय."

"का?"

"बर्फ लवकर वितळतलो."

"कमी पडला वाटतं?"

"नाय गो. जास्तच पडलो. जळक्या रानात तर दुप्पट म्हटलंस तरी चलात."

जास्त पडला आणि लवकर वितळणार. मी सातवी शिकलेली बाई आहे. पण काठोकाठ भरलेली घागर अर्ध्या घागरीच्या आधी रिकामी कशी होते, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

१६ फेब्रुवारी

आज पुन्हा विषय काढला. मुद्दामच. खोटं दुसऱ्यांदा सांगताना बदलतं.

बदललं नाही. ह्यांनी डाव्या हाताची बोटं ताटावर पसरली. म्हणाले, "हो देवदार समज. बर्फ पडलो की बराचसो ह्या फांद्यांवरच अडकता. थयच्या थय उन्हावाऱ्यान उडान जाता, जमिनीर पोचणाच नाय. गेल्या उन्हाळ्यात आग लागली आणि आमच्या पट्ट्यातला अर्धा रान जळला. आता नुसते काळे खांब उभे. मगे अडवतलो कोण? सगळो बर्फ खाली." आणि बोटं मिटून मूठ केली.

"मग तो टिकायला हवा जास्त दिवस."

"सावली खय आसा टिकूक? दिवसभर ऊन. आणि त्या जळक्या साली झडत रवतत, बर्फार काळी धूळ पडता. काळा ऊन ओढून घेता."

हे मात्र माझ्याच आळीतलं निघालं. आमची कोळीण कमळ वेसाव्याहून पाटी घेऊन येते. तिच्या बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात गाडून ठेवतात, म्हणून तर दुपारपर्यंत राहतात. अंधेरीत भुसा घातला की बर्फ टिकतो आणि कुल्लूत भुगा पडला की वितळतो, असं कसं? मी तसं विचारलंच.

हे हसले. हसताना माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दमलंय गो," आणि आडवे झाले. उत्तर नसलं की पुरुष दमतात.

१८ फेब्रुवारी

पेटीतले कपडे धुवायला काढले तर लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला चष्मा निघाला. काळ्या काचांचा. दोन्ही बाजूंना चामड्याची झापडं, आणि ती झापडं लाल दोऱ्यानं शिवलेली. टाके बारीक, एकासारखे एक, आणि शेवटी दोरा तोडून न टाकता त्याची छोटी गाठ मारलेली, फुलासारखी. मी घरी बसून निम्म्या अंधेरीचे ब्लाउज शिवते. टाका पाहून हात ओळखते. हा बाईचा हात आहे.

"हा कुणी दिला?"

"असोच. थय घालतत सगळे."

"शिवला कुणी?"

"काय ता इचारत बसलंस," म्हणत ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पुसला, मोज्यात घातला आणि शर्टांच्या खणात तळाशी ठेवला. मंगळसूत्र मोडायची वेळ आली होती तेव्हा तेसुद्धा इतकं जपलं नव्हतं.

घरात बसून कोणी काळा चष्मा जपतो का? आणि माझ्यासाठी काय आणलं तिकडून? अक्रोड. फोडायला अडकित्ता मोडला.

२१ फेब्रुवारी

प्रेमाताई आली होती मुलुंडहून. माझी थोरली बहीण. हे बाजारात गेल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रत्ना, पुरुष नजर चुकवायला लागला की समजायचं. मूल नाही, घर कशानं बांधून ठेवणार त्याला?"

लागलं मला ते. पण खोटं नाही म्हणाली.

आता आठवतं तसं लिहिते. आल्यापासून हे खिडकीकडे पाठ करून बसतात. सकाळी पूर्वेची खिडकी मी उघडली की उठून लावतात. पेपर तोंडासमोर धरतात पण पान उलटत नाहीत, पेपराआड लपतात नुसते. डोळे लाल, विचारलं तर झोप नाही. झोप का नाही? कोणाच्या आठवणीनं?

आणि आजचं. ताईनं दिलेली नवी पोपटी साडी नेसून मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "कशी आहे?"

"बरी आसा."

"रंग कुठला सांगा बघू."

हे क्षणभर बघत राहिले. "निळी ना?"

ताई तोंडात पदर घालून हसली, मग मला चिमटा काढला. बायकोकडे माणूस बघत नाही ते नाहीच, वर अंदाजानं ठोकून देतो.

२४ फेब्रुवारी

आज पुरावा मिळाला.

कमळकडून बर्फाचे दोन तुकडे घेतले, एकाच मापाचे. ती म्हणाली, "सरबत करतंस काय गो बाय?" म्हटलं हो. भर दुपारी गच्चीवर नेले. एक उघडा ठेवला. दुसऱ्यावर शेगडीतला कोळसा कुटून घातला, भुसा घालतात तसा चांगला जाड थर, वरून थापून. मग पायरीवर बसून एका ब्लाउजला हुक लावत बसले.

हुक लावून होईतो उघड्याचं पाणी झालं. काळ्यावरचा कोळसा झटकला तर आत तुकडा शाबूत, मुठीएवढा. काळा ऊन ओढून घेता म्हणे. सहदेव घाडीगावकर, सापडलात.

सांगितलं नाही अजून. आत्ता सांगितलं तर नवीन काहीतरी जुळवतील. पण एक कळलं. बर्फासाठी जायचं नाहीये. शिमगा टाकून, गाऱ्हाणं टाकून माणूस दुसऱ्याच कशासाठी तरी चाललाय.

२ मार्च

हे उद्या निघतात. दशरथ म्हणून ह्यांच्याबरोबर काम करणारा आहे, तो दोन आठवड्यांनी मागून जाणार. म्हणजे तेवढे दिवस तिथं हे एकटे. म्हटलं, "मला न्या या वेळी बरोबर. बघू तरी द्या तुमचा बर्फ."

"थय बाईमाणसाचा काम नाय गो."

मग तो चष्मा कुणी शिवला? हे मी बोलले नाही. जेवताना ह्यांनी पाणी ओतलं ते पेल्याच्या बाहेर सांडलं, दोनदा. हात कापतो मनात पाप असलं की.

३ मार्च

हे आंघोळीला गेले तेव्हा पेटी उघडली आणि मोज्यातून चष्मा काढून घेतला. मोजे तसेच गुंडाळून ठेवले. त्याच वेळी जिन्यावर कमळची हाक आली. तिच्या पाटीत टाकला. म्हटलं, "घे गो, तुझ्या हरेश्वरला. होडीवर मिरवू दे."

"भारी दिसतंय. कोणाचं हाय?"

"कुणाचं नाही," मी म्हटलं.

बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तिच्या हातची वस्तू तिच्यासमोर डोळ्यांवर चढवून जायचं होतं ना. जा आता तसेच.

निघताना ह्यांनी देवाला हात जोडले, मला म्हणाले, "जपान रव गो," आणि उंबऱ्याजवळच्या शिवणाच्या मशीनला धडकले. रोजची मशीन, रोजची जागा, बाहेर लख्ख ऊन. पाऊल धड पडत नव्हतं. मन पुढे धावत असलं की असंच होतं.

११ मार्च

खालच्या वाण्याकडे ट्रंककॉल आला. धावत गेले. ह्यांचा बाप गेला त्या वेळी एकदा फोन आला होता, त्यानंतर आजच.

"माझो काळो चष्मो घराक रवलो काय गो?"

चष्मा. त्यासाठी फोन.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघ. शर्टांच्या खणात."

"बघितलंय. नाही."

मधे नुसती खरखर. मग म्हणाले, "बरा. वाटेत खय पडलो आसतलो. उद्या वर चललंय. हय ऊन खूप आसा."

फोन ठेवला. वाणी विचारत होता, सगळं ठीक ना वहिनी. म्हटलं, ठीक. एवढी तळमळ माझ्यासाठी कधी झाली होती का, या फोनवर? मी जिंकले होते तिथं उभी राहून. तरी वर आल्यावर शर्टांचा खण उघडून बघितला. का ते कळलं नाही.

१४ मार्च

काही शिवून होत नाही. एका गुजराती बाईचं ब्लाउज उलटं कापलं. तिला काय सांगू, माझं डोकं कुल्लूत आहे म्हणून?

१६ मार्च

काल कमळनं होळीला बोलावलं होतं. शिमग्याला गावी नाही गेले तर निदान वेसाव्याला तरी जाऊ म्हणून गेले. कोळ्यांची होळी मोठी. होड्या किनाऱ्याला आलेल्या, पताका लावलेल्या, सगळे पुरुष घरी. कमळचा नवरा हरेश्वर दारातच भेटला, डोळ्यांवर तोच चष्मा, झापडांसकट.

तो म्हणाला, "वयनी, लय उपकार झाले. दुपारचं पान्यावरचं ऊन खालून डोल्यांत घुसतं. टोपीनं काय होत नाय, वरचंच अडतं. रातीला डोलं असं जलतात, वालू भरल्यावानी. माझा बापूस त्यानंच आंधला झाला. आता या बाजूच्या झापडांनी कसं, सावलीत बसल्यावानी वाटतं."

मी म्हटलं, बरं झालं. पुरणपोळी खाल्ली. पाण्यावरचं ऊन. ह्यांच्याकडे कुठं पाणी आहे. रान आहे तिथं.

रान जळलेलं आहे, असं तेच म्हणाले होते.

पुढं लिहवत नाही.

१७ मार्च

नाही, लिहायलाच हवं.

होळीच्या रात्री कमळकडेच राहिले होते. काल सकाळी निघताना बघते तर तिच्या अंगणात बर्फाची लादी, सणाच्या गडबडीत झाकायची राहिलेली. होळीची काजळी वाऱ्यानं उडून तिच्या एका अंगावर पडली होती. फार नाही, चिमूटभर. नाचणीच्या पापडावर तीळ असतात तितपत. उन्हं वर आली होती. आणि जिथं जिथं काळा ठिपका होता तिथं तिथं बर्फाला भोक पडलेलं. ठिपका आत, आणखी आत उतरत चाललेला. काळी बाजू चाळण होऊन बसली होती आणि स्वच्छ बाजू तशीच गुळगुळीत.

कमळ करवादली, "वाट लागली लादीची. दर होलीला असंच."

मी तशीच घरी आले, बर्फ आणला, गच्चीवर गेले. या वेळी कोळशाचा थर नाही दिला, नुसती चिमूट भुरभुरवली. काळा आधी गेला. पुन्हा केलं. पुन्हा काळाच आधी गेला.

म्हणजे मी केला तो भुसा झाला होता. जाड गोधडी. रानात कुणी गोधडी घालत नाही, रानात नुसती काजळी झडते. ह्यांनी धूळ म्हटलं होतं, मी थर घातला, आणि त्या थरावर उभी राहून माझ्या नवऱ्याला खोटा ठरवला.

बर्फाचं सगळं खरं होतं. जास्त पडणं खरं, लवकर जाणं खरं. मग बाकीचं? सावली गेली म्हणाले होते, दिवसभर ऊन. उघडं रान, खाली पांढरंशुभ्र, वरून ऊन, खालून ऊन, आणि मधे एक माणूस दिवसभर नळी खुपसत उभा. पेपराचं पान उलटत नव्हतं. खिडकी लावत होते. पाणी पेल्याबाहेर. मशीनला धडकले. पोपटीला निळी.

देवा, माझे डोळे फुटले होते, ह्यांचे नाही.

१८ मार्च

साकीनाक्याला गेले. दशरथ भेटला, उद्याच्या गाडीनं निघायच्या तयारीत होता. बाहेर चहाच्या टपरीवर नेलं त्याला आणि सरळ विचारलं, ह्यांच्या डोळ्यांना काय झालंय.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "वैनी, तुम्हाला सांगितलं नाही त्यानं? रान जळल्यावरचा हा पहिलाच हिवाळा. आधी आम्ही देवदाराच्या सावलीत काम करायचो, चष्मा कोणाला लागायचा? त्या सवयीनं उघड्या पट्ट्यातही तसेच गेलो. संध्याकाळी ह्याचे डोळे सुजून बंद. झोपडीत पट्टी बांधून होता, कण्हत होता नुसता. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, पुन्हा उघड्या डोळ्यांनी बर्फावर गेलास तर कायमचे जातील. मला शपथ घातली त्यानं. कंपनीला कळलं तर घरी बसवतील, आणि तुम्हाला कळलं तर जाऊ देणार नाही."

"आणि तो चष्मा?"

"तो मीच केला ना. काचा मनालीला मिळाल्या, पण बाजूनं ऊन यायचं. म्हणून जुन्या बुटाचं चामडं लावलं. आई कपडे शिवायची माझी, हात बसलाय."

"लाल दोऱ्यानं?"

"दुसरा होता कुठं? बर्फ मोजायच्या खांबांना खुणेला बांधतो तो दोरा."

खुणेचा दोरा. बाईचा हात मला टाक्यावरून ओळखता येतो, असं मीच लिहिलंय वर. दशरथला मिशा आहेत.

मी म्हटलं, "चष्मा माझ्याकडे राहिला." एवढंच म्हटलं. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तो तसाच वर गेला? तसल्या काचा मनालीलाच मिळतात वैनी, त्यात दिवस मोडतो. आणि आत्ताच तर वितळायला लागलंय, एक दिवस सोडून खाली यायचा नाही तो. ओळखतो ना मी त्याला."

तिथून वेसावा. हरेश्वर जाळं दुरुस्त करत होता. मी म्हटलं, दिलेलं परत मागतेय, पाप आहे ते कळतंय मला. त्यानं आधी चष्मा काढून माझ्या हातात दिला, मग कारण ऐकलं. म्हणाला, "जा बाय, बिगी बिगी जा."

दशरथच्या हातात दिला. त्याला म्हटलं, नुसता ह्यांच्या डोळ्यांवर चढवून परत येऊ नको, ह्यांना घेऊनच ये.

३० मार्च

आज पाडवा. गुढी उभारली नाही. दोघांनी मिळून उभारायची असते, एकटीनं बांबू उचलवला नाही.

प्रेमाताई आली होती. म्हणाली, "काय गं, कळलं काही त्या बाईचं?" मी म्हटलं, "बाई सापडली. आरशात होती." तिला कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

४ एप्रिल

आले. दशरथनं हाताला धरून जिना चढवला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, चेहरा भाजल्यासारखा काळा. दशरथ पोचला तेव्हा हे झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या अवस्थेतसुद्धा तिथल्या एका माणसाला खांबावरचे आकडे वाचायला लावून मोजणी पुरी केली म्हणे. माझ्याच्यानं ह्यांना "या" म्हणवलं नाही.

६ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा येईल बहुतेक. डाव्याचं ते बोलत नाहीत. पट्टी आठवडाभर, आणि उघडायची ती अंधाऱ्या खोलीत. तिरीपसुद्धा पडता कामा नये, म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "दशरथान चष्मो दिल्यान. खय सापडलो?"

मी सांगू शकले असते, मशीनमागे पडला होता. दोन शब्द. पण ते माझ्यानं झालं नाही.

"सापडला नाही. मीच काढून घेतला होता पेटीतून. कमळच्या नवऱ्याला दिला."

"कित्याक?"

"मला वाटलं, तिकडे कोणी बाई आहे."

ह्यांनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणि फोन केलंय तेव्हा?"

"तेव्हा मला माहीत होतं कुठं आहे ते."

एवढं ऐकल्यावर ह्यांनी मान फिरवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाले, "मीच सांगूक होया होता." हे मला माफ करायला नाही म्हणाले. स्वतःशीच म्हणाले.

९ एप्रिल

आता असं झालंय. मी चहा देते, सांगते गरम नाही. हे आधी बोट बुडवून बघतात. मी म्हणते, समोर वाट मोकळी आहे. हे हात पुढे करून चाचपतात, मग पाऊल टाकतात. ताटात काय आहे ते मी सांगते, तरी एकेका पदार्थाला बोटं लावून खात्री करून घेतात. आंधळा माणूस चाचपणारच, असं मी मनाला सांगून पाहिलं. पण काल कमळ आली, तिनं "भावजी, पेला हाय पुढ्यात, गार हाय" म्हटलं, तर हे लगेच उचलून प्यायले.

मला बोलायला तोंड नाही. महिनाभर मी तेच करत होते, माणसाच्या शब्दाला बोट लावून बघत होते. माझ्या बोटाला तर खरं-खोटंही कळलं नाही.

१३ एप्रिल

आज पट्टी काढायची. दोन्ही खिडक्या लावल्या, पडदे ओढले, फटीत कपडे कोंबले. खोली दुपारची असून संध्याकाळ झाली.

"काढा," मी म्हटलं.

"ऊन आसा?"

"नाही. सगळं बंद केलंय."

ह्यांनी पट्टीला हात लावला आणि थांबले. मग खिडकीच्या बाजूला तळवा धरला, ऊब लागते का बघायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागावू कशी? मी उठले, ह्यांचं मनगट धरलं आणि तळवा फिरवला. पडद्यावरून, खिडकीच्या कठड्यावरून, खाली खाटेच्या काठापर्यंत. कुठं ऊब लागली नाही. मी म्हटलं, "पुन्हा बघायचं असेल तर पुन्हा बघा."

ह्यांनी पट्टी सोडली. डोळे मिचकावत राहिले. पाणी वाहत होतं, मी पुसलं नाही, डॉक्टरांनी पुसू नका सांगितलंय.

"दिसतंय काही?"

"तू दिसतंस. अंधुक."

मी ती पोपटी साडी नेसले होते. ठरवून नेसले होते, आता उगाच कशाला लपवू. विचारलं, "कुठली नेसलेय?"

बराच वेळ बघितलं ह्यांनी. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग डावा हातानं झाकून. "निळी," म्हणाले.

होय म्हणायला जीभ वळली होती. एवढं एक होय, कुणाचं काय गेलं असतं. ह्यांना तेवढाच धीर आला असता.

"पोपटी आहे," मी म्हटलं. "त्या दिवशीही पोपटीच होती."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तोडलं मी काहीतरी. मग म्हणाले, "पोपटी तर पोपटी. चाय हाड."

चहा आणला. पुढं धरला. म्हटलं, "गरम आहे, जपून."

ह्यांनी हात पुढं केला, कप घेतला, बोट न बुडवता फुंकर मारली आणि प्यायले.